युरोपातली विमानं: अंतर आणि वेळेच्या हिशेबात या चुका टाळा

लिस्बनहून सकाळी 10 ला सुटणारं विमान माद्रिदला साधारण 12:20 ला पोहोचतं. उलट माद्रिदहून 10 ला सुटणारं लिस्बनला पोहोचतं 10:20 ला. वेळापत्रकात असे आकडे दिसले की छपाईची चूक वाटते. ती चूक नसते. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. प्रत्यक्ष प्रवास दोन्हीकडून तास-सव्वा तासाच्या थोडा पुढे. त्यामुळे वेळांची वजाबाकी करू नका. तिकिटावर प्रवासाचा कालावधी वेगळा दिलेला असतो, तोच धरा.

त्यात युरोपातल्या बहुतेक देशांत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, तुर्कस्तानने मात्र 2016 पासून ती बदलणं थांबवलं. म्हणून लंडन-इस्तंबूल फरक उन्हाळ्यात 2 तास, हिवाळ्यात 3. पुण्यात बसून मुलांच्या विमानाकडे डोळे लावणाऱ्या आईवडिलांनीही हे लक्षात ठेवावं: पॅरिस आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास असतं, हिवाळ्यात साडेचार.

दुसरी चूक त्रैराशिकाची. लंडन हीथ्रो ते पॅरिस शार्ल द गॉल हे अंतर सुमारे 348 किमी. विमानाचा वेग ताशी 850 धरला तर उत्तर येतं 25 मिनिटं! वेळापत्रक सांगतं सव्वा तास किंवा थोडं जास्त. कारण तो वेळ गेट ते गेट मोजलेला असतो. विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. हीथ्रोवर गर्दी असली की विमानं बिगिन हिल किंवा लॅम्बर्न या लंडनजवळच्या ठरलेल्या जागांवर घिरट्या घालत थांबतात. ॲम्स्टरडॅमची पोल्डरबान धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावरही बराच वेळ विमान जमिनीवर चालतच राहतं. ढोबळ अंदाज हवा असेल तर किलोमीटरना 800 ने भागा आणि वर पाऊण तास धरा. युरोपात याने बऱ्यापैकी जवळचं उत्तर मिळतं. लिस्बन-हेलसिंकीसारख्या लांब मार्गावर पश्चिमेच्या वाऱ्यामुळे परतीला थोडा जास्त वेळ लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

एककही तपासा. हीथ्रो-पॅरिसचेच 348 किमी म्हणजे 216 मैल आणि 188 सागरी मैल. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तरी अंतर एकच.

सगळ्यात महागात पडते ती विमानतळाच्या नावाची चूक. फ्रँकफर्ट-हान हे फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किमी दूर, तेही दुसऱ्या राज्यात. पॅरिस बोव्हे शहरापासून 85 किमीच्या आसपास, स्टॉकहोम स्काव्स्टा जवळपास 100. स्वस्त तिकीट दिसलं की आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा: एफआरए म्हणजे मुख्य फ्रँकफर्ट, एचएचएन म्हणजे हान. बसचं भाडं आणि दीड-दोन तास मिळवले की स्वस्ताई बरेचदा उरत नाही.

जोडविमान असेल तर उतरण्याचा आणि पुढचं विमान पकडण्याचा कोड एकच आहे का, हेही बघा. हीथ्रोला उतरून लंडनच्याच गॅटविक विमानतळावरून उडायचं म्हणजे सामान घेऊन ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो, आणि भारतीय पर्यटकाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) तिथे चालत नाही.