जापानी फळ चाखताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून कुलू-मनालीला जाणारी बरीच कुटुंबं असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या बागांमध्ये पानं गळायला लागलेल्या झाडांवर नारिंगी फळं लगडलेली दिसतात. हे पर्सिमन, तिकडच्या बोलीत जापानी फल. बागवाल्याने दोन-तीन जाती पुढे ठेवल्या की आपली मंडळी एकेक घास घेऊन निकाल लावून मोकळी होतात: हे गोड, ते बेकार. माझं ठाम मत आहे की बेकार ठरलेलं फळ बहुतेक वेळा फक्त अवेळी खाल्लेलं असतं.

सगळ्या जाती एकाच अवस्थेत चाखणं, ही सगळ्यांत मोठी चूक. फुयू या जातीचं फळ चपटं असतं आणि पूर्ण नारिंगी झालं की कडक असतानाच कापून खातात. करकरीत आणि गोड लागतं. हाचिया लांबट, खाली निमुळतं. ते पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत होईपर्यंत थांबावं लागतं. उचलताना बोट रुतेल की काय असं वाटलं, की देठाकडून उघडून चमच्याने खायचं. कडक हाचियात विरघळणारं टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जीभ खरखरीत होते आणि गाल आतून आवळतात. फळ पिकताना हे टॅनिन नाहीसं होत नाही. ते न विरघळणारं बनतं, त्यामुळे जिभेला जाणवत नाही. आपल्याकडचा तेंदू पर्सिमनच्याच डायोस्पायरॉस प्रजातीतला. त्याचं अर्धं कच्चं फळ ज्यांनी लहानपणी खाल्लंय, त्यांना हा तुरटपणा वेगळा सांगायला नको.

म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी फुयू, मग पूर्ण मऊ हाचिया. तुरट फोड तोंडात गेलीच तर नुसत्या पाण्याने फारसं भागत नाही. दोन घोट दूध किंवा चमचाभर दही घ्या, त्यातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. तोंड पूर्ववत होईपर्यंत पुढची जात चाखू नका. तुलना तिथेच बिघडते.

गाडीत सेव-परमल खात खात बागेत पोहोचणं हीसुद्धा चूकच. या फळात आंबटपणा जवळजवळ नसतो. फुयूचा मंद गोडवा आणि हाचियाचा दाट, मधाळ गोडवा यांतला फरक तिखट-मिठाने माखलेल्या जिभेला कळणारच नाही. फोडींवर जिरावण मसाला भुरभुरवायची सवयही त्या दिवसापुरती बाजूला ठेवा.

कापल्यावर गर तपकिरी दिसला की लोक फळ फेकून देतात. काही जातींत परागीभवन होऊन बिया धरल्या, की बियांभोवतीचा गर तपकिरी होतो आणि त्याचा तुरटपणा जातो. म्हणजे तिथलाच गर गोड. त्याच झाडाचं बिनबियांचं फळ मात्र फिकट आणि तुरट निघू शकतं. म्हणून एका फळावरून त्या जातीबद्दल बोलू नका, दोन-तीन फळं आडवी कापून पाहा. आंबूस वास आला किंवा गर पाणचट झाला असेल, तरच ते खराब समजा.

फळ हाताने ओढून तोडू नका. बागवाल्याला विचारून कात्रीने, देठाजवळचं हिरवं, फुलासारखं दिसणारं टोपण फळालाच ठेवून कापा. ते उपटलं गेलं तर त्या जागेपासून फळ सडायला लागतं.

इंदूरला आणायचं तर हाचिया कडकच घ्या, मऊ फळ प्रवासात टिकत नाही. घरी कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते लवकर मऊ होतं. घाई असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढा, तुरटपणा बराच उतरतो.

तुरट, कच्ची फळं उपाशीपोटी भरपूर खाऊ नका. टॅनिनचा जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन पोटात घट्ट गोळा बनू शकतो. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर हे फळ डॉक्टरांना विचारूनच खावं.