कीबोर्डवाला जुना स्मार्टफोन घ्यायचाय? बाजारात जायच्या आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी घरी बसून ठरवा की फोन कशासाठी पाहिजे, कारण माझ्या मते आज हे फोन घ्यायचं एकच खरं कारण उरलंय आणि ते म्हणजे टायपिंग. बटण दाबलं गेलं हे बोटाला कळतं, स्क्रीनकडे न बघता अख्खा मेसेज लिहून होतो, आणि ज्याने हे एकदा अनुभवलंय त्याला काचेवर कितीही वर्षं टाइप केलं तरी त्याची आठवण येतेच. मी नोकियाच्या ई63 वर चार वर्षं काढली, एसटीच्या खिडकीत बसून त्यावर पानंच्या पानं लिहिली, म्हणून मनापासून सांगतोय की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा नि प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा हे बाजूला ठेवा, आधी कीबोर्ड बघा.

मग सिम. जिओ यांच्यावर चालणारच नाही, त्यांचं नेटवर्कच 4जीपासून सुरू होतं. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचं 2जी अजून आहे, त्यावर कॉल आणि एसएमएस होतात, बँकेचा ओटीपी येतो. अमेरिकेतल्या भावाला पाठवायचा विचार असेल तर मात्र थांबा, तिकडच्या एटी अँड टी या मोबाइल कंपनीने 2जी 2017 लागताच बंद केलं आणि 3जी 2022 मध्ये. व्हॉट्सॲपने सिम्बियनवाल्या (सिम्बियन म्हणजे ई63, ई71 सारख्या फोनमधलं जुनं सॉफ्टवेअर) नोकियाला 2017 मध्येच रामराम केलाय, आणि ब्लॅकबेरीने स्वतःच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या सेवा 4 जानेवारी 2022 ला बंद केल्या, त्यामुळे ईमेल नि ब्राउझरच्या भरवशावर ब्लॅकबेरी घेऊ नका. फोन, मेसेज, नोट्स, कॅलेंडर, एवढंच धरून चाला म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही.

आता कोणते फोन समोरासमोर ठेवायचे. नोकिया ई71, 2008 चा, 127 ग्रॅम, जेमतेम 10 मिलिमीटर जाड, पाठीला स्टीलचं झाकण. बटणं लहान आहेत पण प्रत्येक बटणाला मधे फुगवटा आहे त्यामुळे अंगठा घसरत नाही, आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही कॉम्प्युटरसारखं चालतं. त्याचाच स्वस्तातला भाऊ ई63, अंग प्लास्टिकचं आणि जीपीएस नाही, पण हेडफोनचं भोक नेहमीचं 3.5 मिमीचं (ई71 ला 2.5 चं आहे, त्याचा हेडफोन शोधत फिरावं लागतं) आणि स्पेसबार दाबून धरला की टॉर्च लागतो, लाइट गेल्यावर त्याने मला कितीदा वाचवलंय. ब्लॅकबेरी बोल्ड 9000, तोही 2008 चा, रुंद आहे, खिशात जाणवतो, पण कीबोर्डमध्ये याच्या जवळपास कोणी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बटणांच्या ओळींमधे धातूच्या पट्ट्या, बटणं तिरकी कापलेली, दोनदा स्पेस दिला की पूर्णविराम आपोआप, अक्षर दाबून धरलं की कॅपिटल. कर्व्ह 8520 त्याहून साधा, 3जी नाही, पण त्यात ट्रॅकबॉलऐवजी (स्क्रीनवर इकडेतिकडे जायला बोटाने फिरवायची छोटी गोळी, बोल्डला तीच आहे) ट्रॅकपॅड, म्हणजे बोट सरकवायची सपाट जागा आहे आणि आजच्या दिवसात हा मोठाच फायदा, कारण ट्रॅकबॉलमध्ये धूळ बसते आणि मग तो एका बाजूला सरकतच नाही. सरकणारे फोन म्हणजे एचटीसीचा जी1, पहिला अँड्रॉइड, त्याला पाच ओळींचा कीबोर्ड आणि आकड्यांची वेगळी ओळ, पण बॅटरी फक्त 1150 एमएएच, आणि मोटोरोला माइलस्टोन, ज्याची बटणं मला फार सपाट वाटली. पामचा ट्रिओ 650 मला फार आवडतो पण त्याचा चार्जर पार वेगळा, तो सोबत मिळत असेल तरच हात लावा.

जाताना पिशवीत काय न्यायचं तर नोकियाचा बारीक पिनवाला चार्जर (ई71 मायक्रो यूएसबीवर चार्ज होत नाही, बरेच जण इथेच फसतात), एक मिनी आणि एक मायक्रो यूएसबी केबल, चालू सिम मोठ्या साइजमध्ये, छोटं मेमरी कार्ड. नॅनो सिम ॲडॅप्टरमध्ये टाकून नेत असाल तर ते चिकटपट्टीने नीट बसवा, नाहीतर काढताना आतली पिन वाकते.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे, तिथे गेलात तर घाई करू नका. बॅटरी काढून सपाट जागी ठेवा आणि फिरवा, भिंगरीसारखी फिरली तर फुगलीये. ई71 मध्ये बीपी-4एल नावाची बॅटरी लागते, तीच ई63, ई72 आणि ई90 मध्येही चालते म्हणून ती त्यातल्या त्यात सापडते, आणि एकदा फोनच निवडायचा तर हा मुद्दा कीबोर्डनंतर दोन नंबरला ठेवा. मग *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा 15 आकडी ओळख नंबर घ्या, केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर टाकून 14422 ला एसएमएस करा, चोरीचा असेल तर कळतं. नोकियात *#0000# दाबा, ई71 असेल तर आरएम-346 दिसलं पाहिजे, कारण त्या काळात टीव्हीच्या अँटेनावाले, डबल सिमवाले नकली ई71 भरपूर विकले गेलेत. ब्लॅकबेरी कुठल्या कंपनीतून आलेला असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन बघा, आयटी पॉलिसी, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं, लागलेली असली तर अर्ध्या गोष्टी बंद मिळतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र टायपिंगला द्या. एकेक बटण दाबून बघा, मग एक लांबलचक वाक्य लिहा ज्यात आकडे, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह सगळं येईल, आणि स्वतःलाच एक मराठी एसएमएस पाठवून बघा, देवनागरी दिसते की चौकोन. मला एकदा एका दुकानात नवीकोरी बॉडी चढवलेला फोन मिळाला, दिसायला चकचकीत, बटणं मऊ लोण्यासारखी, दाबलेलं कळायचंच नाही. दोन दिवसांत कपाटात गेला आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. ओरिजिनल, अक्षरं थोडी पुसलेली, कडा झिजलेल्या बॉडीचा फोन मिळत असेल तर तो घ्या.

बोल्ड आणि ई71 दोन्ही समोर असतील आणि बोल्डचा ट्रॅकबॉल चारही बाजूंना नीट फिरत असेल तर मी बोल्ड उचलेन, नसेल तर डोळे झाकून ई71. घरी आणला की नोकियावर *#7370# ने रीसेट मारा, लॉक कोड विचारला तर 12345 टाकून बघा, आणि जुनं ॲप टाकताना सर्टिफिकेट संपलंय म्हणाला तर फोनची तारीख काही वर्षं मागे न्या, ॲप टाका, मग तारीख परत आजची करा.