सागरी इतिहासाचं अभ्यास मंडळ चालवायचंय? मग हे वाचा

सागरी इतिहासाचं मंडळ काढायचं म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये लोगो, उद्घाटनाचा पाहुणा आणि जलदुर्गाची सहल यावर दोन तास जातात. ते सगळं नंतर झालं तरी चालतं, आधी हे ठरवा की तुमच्या टेबलाभोवती कोण कोण बसणार आहे. आपल्याकडे समुद्राचा इतिहास दोन जागी पडलाय, अर्धा कागदांत म्हणजे मोडी, पोर्तुगीज आणि इंग्रजी दप्तरांत, आणि अर्धा तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुख, खलाशी, होड्या बांधणारे सुतार यांच्या डोक्यात, आणि हे दोन अर्धे एकमेकांना भेटतच नाहीत. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीजांच्या कार्ताझची, म्हणजे समुद्रात फिरायच्या परवान्याची माहिती मिळते, त्यात जहाजाचं नाव, नाखवा कोण, माल काय, कुठे निघालंय असं सगळं असतं, आंग्रेसुद्धा असेच दस्तक द्यायचे. कागद वाचणारा तो परवाना वाचेल, पण एवढ्या खंडीचं तारू कुठल्या खाडीत शिरू शकतं आणि कुठल्या महिन्यात कुठल्या वाऱ्याने वर जातं हे त्याला तांडेलच सांगू शकतो. या दोघांना महिन्यातून एकदा एकत्र बसवायचं, बोलणं लिहून घ्यायचं आणि छापायचं, मंडळाचं काम हेच, बाकीची सगळी व्यवस्था या कामासाठी.

असं काम होऊ शकतं याचे दाखले आहेत. १९१० मध्ये पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्च सुरू झाली, तिने १९११ पासून स्वतःचं नियतकालिक काढलं, १९२२ मध्ये नेल्सनचं व्हिक्टरी हे जहाज वाचवायला वर्गणीची मोठी मोहीम काढली, आणि ग्रिनिचच्या नौकानयन संग्रहालयाच्या उभारणीतही तिचा हात होता. मुंबईत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी १९७८ मध्ये मेरीटाइम हिस्टरी सोसायटी उभी केली, तिला नौदलाच्या पश्चिम कमांडचा आधार आहे. तुमच्यामागे नौदल नसणार हे धरून चाला. म्हणून मोठ्या संस्थेची नक्कल करू नका, तुमची एक खाडी किंवा एक बंदर पकडा. दाभोळ ते जयगड एवढा पट्टा नीट केला तरी एका पिढीला पुरेल इतकं काम आहे.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान ७ सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंदणी करावी लागते, दोन्हीसाठी धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात जायचं. नाव सरकारी वाटेल असं ठेवू नका, हरकत येते. घटनेतल्या उद्देशांत व्याख्यानं, प्रकाशन, ग्रंथालय, मौखिक इतिहासाचं रेकॉर्डिंग, कागदपत्रं आणि वस्तू सांभाळायला घेणं हे सगळं स्पष्ट लिहा. आणि मंडळ बंद पडलं तर संग्रह कुठल्या प्रकारच्या संस्थेकडे जाईल हेही तेव्हाच लिहून टाका, नाहीतर कपाटं कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जातात आणि तिथेच वाळवी लागते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हे काम दरवेळी मागे पडतं आणि मग बँक सह्या बदलून देत नाही, तेव्हा ते सेक्रेटरीच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऑडिट दरवर्षी. देणगीदारांना करसवलत हवी असते म्हणून आयकराची ८०जी नोंदणी लवकर करून घ्या, आणि परदेशातून कोणी पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, पाठवणारा कितीही जवळचा असला तरी.

आता सभासद. कार्यकारिणीत निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, गडप्रेमी हे आपोआप येतात, पण कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी समाजातली माणसं बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि बोलावलं तरी ‘स्थानिक प्रतिनिधी’ म्हणून मागच्या खुर्चीत बसवलेलं त्यांना कळतं. त्यांना जाणकार म्हणून बोलवा, प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन तांडेलाला द्या, पत्रिकेत नावही तेवढ्याच अक्षरात छापा. खांदेरीच्या १६७९ च्या लढाईत मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी होते आणि दौलतखानही होते, समोर इंग्रज आणि सिद्दी. म्हणजे या इतिहासाची वारसदार माणसं किनाऱ्यावरच्या सगळ्या वस्त्यांत राहतात, मुरुडला राहतात, अलिबागला राहतात. एखादं मंडळ एकाच गटाचं झालं की दुसऱ्या गटाच्या घरातले कागद कायमचे बंद होतात, मी तर म्हणेन की सभासद नोंदणीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

मीटिंगची वेळ. शहरात महिन्याचा दुसरा शनिवार वगैरे ठीक आहे. पण कोळीवाड्यात बैठक घ्यायची तर आधी पंचांग बघा. डोलीची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची मासेमारी उधाणाला जोरात चालते, म्हणजे पुनव-अमावास्येच्या आसपास माणसं दर्यावर असतात आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा त्यांना सवड असते. डोलकरांच्या गावात पौर्णिमेला कार्यक्रम ठेवाल तर ज्यांच्यासाठी ठेवला तेच येणार नाहीत. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी विणायचं काम चाललेलं असतं, मुलाखतींसाठी यासारखा काळ नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली की परत गडबड सुरू होते, त्याच्या आत उरका.

मुलाखती हाच मंडळाचा खरा खजिना होणार आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. “तुमचा अनुभव सांगा” असं विचारलं तर माणूस दोन वाक्यात संपवतो. हातात काहीतरी द्या. बंदराचा जुना नकाशा द्या, बोटीचा फोटो द्या, नाहीतर सरळ बोटीवरच जाऊन बसा आणि प्रत्येक भागाला काय म्हणतात ते विचारा, डोलकाठी, परबाण, सुकाण, नांगर, मग एका शब्दातून दुसरी गोष्ट निघते. समुद्रात जागा कशी ओळखायची ते विचारा, अमुक डोंगर आणि तमुक देऊळ एका रेषेत आले की इथे खडक, अशा खुणा जुन्या लोकांना पाठ असतात आणि जीपीएस आल्यापासून त्या पुढच्या पिढीकडे जात नाहीयेत, त्या आजच लिहून घ्या. फत्तेमारीवर काम केलेली माणसं आता फार म्हातारी झालीत, मंगलोरी कौलं, मीठ, जळाऊ लाकूड मुंबईला आणणारी ती जहाजं, त्यांचा हिशोब कसा चालायचा, खलाशाला वाटा कसा मिळायचा, वादळात माल फेकला तर नुकसान कोणाचं, हे कुठल्याच सरकारी दप्तरात नीट सापडणार नाही. मुंबई-गोवा बोटीचंही तसंच. बोट धक्क्याला लागत नसेल तिथे पडावातून माणसं उतरवायचे, तो पडाव चालवणारे, बोटीवरून नोकरीला गेलेले चाकरमानी, यांच्या आठवणी घ्या. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, रायगडच्या कितीतरी घरांत ती तारीख अजून पाळली जाते, तिथे मात्र रेकॉर्डर काढायच्या आधी परवानगी घ्या आणि पहिल्या भेटीत नुसतं ऐका. बायकांना विचारायला विसरू नका, मासळीचा बाजार, उधारी, घरातलं देणंघेणं आणि बोट परत न आलेल्या रात्री त्यांच्याकडे आहेत, आणि बहुतेक मंडळं त्यांच्या दारात जातच नाहीत.

रेकॉर्डिंग शक्यतो वेव्ह फाइलमध्ये करा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्याने बोला. लेखी संमती मराठीत, एका पानाची, वाचून दाखवून घ्या, आणि कोणता भाग जाहीर करायचा नाही ते त्यांना ठरवू द्या. तीन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. पेनड्राइव्हवर विसंबू नका.

लोकांच्या घरातले कागद हा दुसरा भाग. मूळ कागद मागू नका, स्कॅनर घेऊन त्यांच्या घरी जा, तिथेच स्कॅन करा, मागची बाजू आणि पाकीटसुद्धा, आणि पहिली कॉपी त्या घराला द्या. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांना हातही लावू देऊ नका, जुना कागद त्याने कायमचा खराब होतो. बोटीचं लायसन, खरेदीखत, सावकाराची वही, बंदराची पावती, हे दिसायला साधे कागद असतात पण तुमच्या पट्ट्याचा इतिहास त्यातूनच उभा राहणार आहे. सरकारी दप्तरासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर आणि पणजी, या तीन जागा सभासदांनी वाटून घ्या. मोडीचा वर्ग दरवर्षी चालवा, आणि एखादा तरी सभासद पोर्तुगीज शिकेल असं बघा, त्याची फी मंडळाने भरली तरी ते पैसे सत्कारमूर्तीच्या शालीपेक्षा चांगल्या जागी गेले असं मी म्हणेन.

तारखांचा एक नियम पहिल्या दिवसापासून लावा. पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगोरियन, म्हणजे आजचं कॅलेंडर वापरत होते आणि इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतलं. म्हणजे सतराव्या शतकात दोघांच्या कागदांत १० दिवसांचा फरक, १७०० नंतर ११. खांदेरीजवळची इंग्रजी कागदातली १८ ऑक्टोबर १६७९ ची लढाई पोर्तुगीज हिशोबाने २८ ऑक्टोबरला येते. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर वर्षही मागचं दिसतं. मराठी कागदात शुहूर सन ही जुनी कालगणना असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. लेखात मूळ तारीख जशी आहे तशी आणि शेजारी आजच्या हिशोबाची, दोन्ही द्यायच्या. एवढं पाळलं तरी मंडळाचा छापील अंक बाहेरचे अभ्यासक विश्वासाने वापरतील.

अंकाबद्दल माझं मत ठाम आहे, वर्षातून एकच काढा पण ठरलेल्या महिन्यात काढा. ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन धरलात तर तारीखही लक्षात राहते. आयएसएसएन क्रमांक फुकट मिळतो, घ्या. प्रत्येक लेख दोघांना वाचायला द्यायचा, एक कागदपत्रं जाणणारा आणि एक दर्या जाणणारा, दुसऱ्याला वाचून दाखवावा लागला तर वाचून दाखवा. ‘मोठं आरमार’, ‘बलाढ्य जहाज’ असं लिहून आलं की लेखकाला परत विचारा, किती मोठं? गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज, साधारण दीडशे ते तीनशे टनांची, दोन-तीन डोलकाठ्यांची, गलबत बहुतेक सत्तर टनांच्या आत पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, म्हणून वारा पडला की गलबतं पुढे यायची. हे कळल्यावर लढाईचं वर्णन वाचायला वेगळीच मजा येते आणि पराक्रम कमी तर होत नाहीच, नीट समजतो. आंग्र्यांच्या हरलेल्या लढाया, १७५६ मध्ये विजयदुर्ग कसा पडला आणि त्यात पेशव्यांचा भाग काय होता, हेही छापा. अशा विषयावर सभेत आवाज चढतात, तेव्हा अध्यक्षाने एवढंच म्हणायचं की पुढच्या महिन्यात कागद घेऊन या.

सहली घ्याच, सभासद त्यातूनच येतात. मुंबईकरांनी सुरुवात बोरिवलीत एकसरच्या वीरगळांपासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपासून करावी, वल्ह्यांच्या जहाजांची लढाई दगडात कोरलेली आहे आणि जायला लोकल पुरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीला चालत जाता येतं, पण भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं उतरत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता ते मिळतं हा जुना हिशोब सगळ्यांना शिकवा, तरी पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच. लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही होडीत बसवू नका. पावसाळ्यात जलदुर्गाची सहल नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पाण्यात किंवा गाळात काही सापडलं, तोफ, नांगर, नाणी, तर ते उचलायचं नाही. फोटो, जागा, वेळ नोंदवा आणि तहसीलदार व पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. लाकूड किंवा लोखंड खाऱ्या पाण्यातून बाहेर काढून तसंच वाळवलं की तडकतं, भुगा होतो, त्यामुळे मंडळाच्या कपाटात आणून ठेवणं म्हणजे ती वस्तू घालवणंच. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे जाणकार आहेत, त्यांच्याशी ओळख आधीपासून ठेवा.

पैशाचं एकच सांगतो. आजीव सभासदांची वर्गणी खर्चायची नाही, ती सगळी फिक्समध्ये टाका आणि फक्त व्याज वापरा. मंडळं जी बसतात ती बहुतेक इथेच बसतात, पहिल्या दोन वर्षांत आजीव वर्गणीवर कार्यक्रम होतात आणि तिसऱ्या वर्षी पोस्टाच्या तिकिटालाही पैसे उरत नाहीत. परिसंवाद किंवा प्रकाशनासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेकडे अनुदानाचा अर्ज करता येतो, तिथे ऑडिट झालेले हिशोब मागतात.

आणि पदांना मुदत ठेवा, सलग दोन टर्म झाल्या की तिसरी नाही, हे घटनेतच घाला. सेक्रेटरी बदलला की एका बैठकीत सगळ्यांसमोर देवाणघेवाण करायची, पासबुक, पासवर्ड, दप्तराची यादी, संमतीपत्रांची फाइल, रेकॉर्डिंगच्या तिन्ही कॉपी कुठे आहेत तो कागद, आणि ज्यांची मुलाखत घ्यायची राहिलीय त्यांची वयाप्रमाणे लावलेली यादी, सगळ्यात म्हातारं माणूस सगळ्यात वर. नव्या सेक्रेटरीने पहिला फोन त्यांना करायचा.