कपडे काढायचे की नाही? टेर्मेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जर्मनीत स्टुटगार्टला नव्याने आलेल्या मंडळींना घर मिळतं, आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंदणी, होते, पहिला नोव्हेंबर अंगावर येतो आणि मग एक प्रश्न हमखास येतो. तोही खासगीत, आवाज खाली घेऊन: "ताई, टेर्मेत खरंच सगळे कपडे काढतात का?"

काढतात, पण सगळीकडे नाही. टेर्मे म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचे तलाव. तिथे पोहण्याचा पोशाख घालावाच लागतो; सुती बनियन किंवा आत घालायची चड्डी चालत नाही. सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली, शेजारी किंवा वरच्या मजल्यावर असतो, त्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं आणि दारावर 'टेक्स्टीलफ्राय', म्हणजे कपड्यांविना, अशी पाटी. त्या दारापलीकडे पोहण्याचा पोशाखही काढायचा, आणि बायका-पुरुष एकत्रच. नको वाटत असेल तर फक्त टेर्मेचं तिकीट काढा. मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि मजेत होते. बायकांनो, बऱ्याच ठिकाणी आठवड्यात एक 'डामेनटाग', म्हणजे फक्त बायकांचा दिवस, असतो. सुरुवात तिथून केलीत तर फार सोपं जातं.

पहिल्या खेपेला बाडेन-बाडेन हे गरम झऱ्यांचं गाव गाठा. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिलेल्यांना जमिनीतून येणाऱ्या कढत पाण्याचं नवल नाही. इथलं पाणी 68 अंशांपर्यंत तापलेलं निघतं, तलावात निववून सोडतात. रोमनांनी इथेच स्नानगृहं बांधली, त्यांचे अवशेष आजही पाहता येतात. 2021 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. 1877 सालचं फ्रीडरिक्सबाड हे जुनं स्नानगृह पुढच्या वेळी. आधी काराकाला टेर्मे: खाली तलाव, वर सौना, हवं तेवढंच घ्या. बाहेर बर्फ भुरभुरतोय आणि आपण उघड्या आभाळाखाली मानेपर्यंत गरम पाण्यात, हे एकदा अनुभवाच.

आता सौना. कपड्यांची धास्ती पाच मिनिटांत मावळते, कारण कुणी कुणाकडे बघत नाही. सत्तरीच्या आजीबाई, पोट सुटलेले काका, कॉलेजची पोरं, सगळे आपापल्या घामात. लोकांच्या कपाळावर आठ्या येतात त्या टॉवेलवरून. लाकडी फळीला तुमचं अंग कुठेही टेकता कामा नये, पावलंसुद्धा टॉवेलवरच. म्हणून एक लांबलचक टॉवेल बसायला, एक अंग पुसायला, शिवाय बाडेमांटेल, म्हणजे अंगावर घालायचा टॉवेलचा झगा, आणि स्लिपर. स्लिपर दाराबाहेर काढायच्या. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

आधी शॉवर घ्या, अंग कोरडं करा, मग आत. फिनिश सौना 80 ते 100 अंशांचा असतो. वरची फळी सर्वांत तापलेली, तेव्हा नवशिक्यांनी खाली बसावं. त्याहून बरं म्हणजे साठेक अंशांच्या बायोसौनापासून सुरुवात करावी. आठ-दहा मिनिटं पुरे. बाहेर मोकळ्या हवेत दोन फेऱ्या, मग गार पाणी, तेही पायांकडून वर. मग पाऊण तास नाही तरी पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, पाणी प्यायचं. अशा दोन-तीन फेऱ्या. विश्रांतीच्या खोलीत कुजबुजही नको. आपला 'हळू आवाज' जर्मन कानांना हळू वाटत नाही, हे मी स्वतः बोलणी खाऊन शिकले. भरल्या पोटी जाऊ नका. रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आउफगूस चुकवू नका. ठरलेल्या वेळी एक जण येऊन तापल्या दगडांवर सुवासिक पाणी ओततो आणि टॉवेल गरागरा फिरवून वाफ सगळ्यांच्या अंगावर लोटतो. निलगिरीचा असेल तर लहानपणी डोक्यावर चादर घेऊन घेतलेला वाफारा आठवतो, फक्त दसपट. वेळेआधी जाऊन बसा, मध्येच दार उघडणं फार वाईट दिसतं. पण गरगरलं तर लाजू नका, सरळ उठून बाहेर या. शेवटी टाळ्या वाजवतात.

एक कडू गोष्ट. चार-पाच मुलांचं टोळकं करून 'बघायला' जाऊ नका. ते लगेच कळतं, माणूस येऊन बाहेर काढतो, आणि पुढच्या आपल्या माणसाकडे लोक त्याच नजरेने पाहतात. फोन लॉकरमध्येच राहू द्या. आणि हो, ऑफिसातलं कुणी भेटलं तर मान हलवून 'हालो' म्हणायचं आणि पुढे जायचं. माझा टीमलीडर मला असाच भेटला होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये दोघांनीही शब्द काढला नाही.

मनगटावर मिळालेला पट्टा सांभाळा. आतलं खाणंपिणं त्यावरच चढतं, पैसे निघताना. वेळ उलटली तर तेही मोजतात, म्हणून केस वाळवायची वीस मिनिटं धरून निघा. आणि आईने बळेबळे बॅगेत कोंबलेली ती कानटोपी घेऊन जा. बाहेर उणे दोन असतं.