पावसाळी ताप आणि 'पॉवरची गोळी': कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

लावणीचा हंगाम लागला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या दवाखान्यांत एक वाक्य हटकून कानावर येतं: "डॉक्टरानू, जरा पॉवरची गोळी देवा." उद्या परत चिखलात उतरायचं असतं, शेत वाट बघत नाही, त्यामुळे ही घाई समजू शकते. पण अँटिबायोटिकची पॉवर दिव्यासारखी वॅटमध्ये मोजता येत नाही. कुठलं औषध कुठल्या जंतूवर चालतं, एवढंच बघायचं असतं. जंतू कोणता हे न बघता भारी औषधं घेत गेलो, तर ती खरी लागतील तेव्हा लागू पडत नाहीत.

"माझ्या अंगाला त्या गोळीची सवय झालीय" असं पुष्कळ जण म्हणतात. सवय अंगाला होत नाही, बदलतात ते जंतू. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. लाखोंमधल्या एखाद्याकडे औषध निकामी करणारं जनुक असतं. गोळीने बाकीचे मरतात, तो राहतो आणि मोकळ्या जागेत वाढतो. शिवाय ते जनुक तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणून ज्याने वर्षभरात एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही असा जंतू लागू शकतो.

सर्दी-खोकल्याला अझिथ्रोमायसीन

गणपतीत घर भरतं, चाकरमानी येतात आणि चौथ्या दिवशी निम्मं घर खोकत असतं. हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम, आणि व्हायरसवर अझिथ्रोमायसीनच काय, कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे गोळी लागणारच, असंही नाही. धाप लागली, छातीत दुखलं, ताप उतरून पुन्हा चढला, तर मात्र दवाखाना गाठा.

चिखलातला ताप अंगावर काढणं

वरचं वाचून कोणी ही उलटी चूक करू नये, म्हणून हे जरा सविस्तर. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा व्हायरसचा नाही, जंतूचाच (बॅक्टेरियाचा) आजार आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतो. जोराचा ताप, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची लक्षणं. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं बिघडतात. इथे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. जुनी साधी औषधं, पेनिसिलिन आणि डॉक्सीसायक्लिन, यावर अजून चांगली चालतात. म्हणून "मी गेल्या पंधरवड्यात चिखलात होतो" हे वाक्य डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

आरोग्य खातं जोखमीच्या गावांत लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लिन देतं. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी प्रतिबंधासाठी असते, ताप आल्यावर तेवढ्यावर भागत नाही. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ती परस्पर घेऊ नये. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी. घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जखम होते.

आधी गोळी, मग कल्चर

लघवीला जळजळ झाली की घरातली कुठलीतरी गोळी दोन दिवस घ्यायची, मग लॅबमध्ये कल्चरला (नमुन्यातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) जायचं, आणि रिपोर्टमध्ये जंतू वाढलेलाच दिसत नाही. नमुना पहिल्या गोळीआधी द्या: स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार लॅबच्याच डबीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात 'एस' म्हणजे चालणारं औषध, 'आर' म्हणजे न चालणारं. पण 'एस' दिसलं म्हणून त्यातलं महागडं औषध स्वतः निवडू नका. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या इन्फेक्शनला उत्तम, पण तेच मूत्रपिंडापर्यंत पोचलं असेल तर पुरत नाही. ही निवड डॉक्टरांची.

ताप उतरेना म्हणून दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलणं

टायफॉइडमध्ये अचूक औषध चालू असतानाही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. दर दोन दिवसांनी नवा दवाखाना, नवी चिठ्ठी, असं करत तीन अर्धवट कोर्स पोटात गेलेले रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी नेहमी दिसतात. सिप्रोफ्लॉक्सासिन एकेकाळी टायफॉइडचं हुकमी औषध होतं; आज भारतात ते बहुतेकदा उपयोगी पडत नाही. ताप हटत नसेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जा, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. उलट्या थांबत नसतील, ग्लानी येत असेल, लघवी कमी झाली असेल, तर मात्र वाट बघू नका.

उरलेल्या गोळ्या, जुनी चिठ्ठी

सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिकं २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. मेडिकलवाल्याला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. तो नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, तो तुमचंच भलं करतोय. मुलांच्या पावडरच्या सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घाला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पावसात लाईट दिवसदिवस जाते, तेव्हा ते कसं ठेवायचं हे मेडिकलमध्ये आधीच विचारून ठेवा. उरलेलं पुढच्या तापाला जपून ठेवू नका.

गुरं आणि कोळंबी

जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकनेही जंतू असेच बदलतात. गाईला कासदाहावर औषध चालू असेल तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. कोळंबीच्या तळ्यात क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना बंदी आहे. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन जनावरांच्या खाद्यात वापरायलाही केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली.

विहिरीकडे दुर्लक्ष

एक दिलासा आहे: औषधाला दाद न देणारा जंतूही इतर जंतूंसारखाच साबणाने धुऊन जातो, क्लोरीनने आणि उकळत्या पाण्याने मरतो. तरी विहिरीत टाकायच्या टीसीएलचा (क्लोरीनच्या पावडरचा) वास येतो म्हणून ग्रामपंचायतीच्या माणसाला परत पाठवणारी घरं आहेत. त्याला पावडर टाकू द्या, निदान तासभर थांबा, मग कळशी भरा. वास तरीही नको असेल तर ते पाणी उघड्या भांड्यात उकळून घ्या.