लाइन गेली तरी सर्व्हर सापडेल

नागपुरात उन्हाळ्यात लाइन जाऊन आली, की राउटर नव्यानं सुरू होतो आणि कधी कधी घरच्या म्युझिक सर्व्हरला (गाणी साठवून मोबाइलवर ऐकवणाऱ्या कॉम्प्युटरला) वेगळाच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, देतो. मग मोबाइलवर ‘सर्व्हर सापडत नाही’, आणि आईची सकाळची भजनं अडकतात.

१. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून सर्व्हरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. केबल आणि वायफायचे मॅक पत्ते वेगळे असतात. सर्व्हर ज्यानं जोडलाय, त्याचाच घ्या. माझा तासभर इथेच गेला.

२. डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याच्या) विभागातल्या ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये तो टाकून एक आयपी कायमचा बांधून द्या.

३. आधी सर्व्हर नीट शटडाउन करा, मग राउटर आणि सर्व्हर दोन्ही पुन्हा सुरू करा. अ‍ॅपमध्ये नवा पत्ता पोर्टसकट (पत्त्यापुढे लिहायच्या क्रमांकासकट) भरा. सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी नॅव्हिड्रोमचं नेहमीचं पोर्ट ४५३३, जेलीफिनचं ८०९६.

एवढं केलं की लाइन कितीही वेळा जाऊ दे, पत्ता तोच राहतो.

फक्त सर्व्हर कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर हवेनं केबल लावायचे पोर्ट गंजतात. बंद कपाटही नको: सर्व्हर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर असेल, तर त्याची चिप ८० अंशांच्या वर तापली की आपोआप मंदावते. आमचा दिवाणखान्यातल्या उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलाय.