गाडी पावसाळाभर गावी ठेवताय? मिरगाआधीची तयारी

मे संपताना गाडी गावच्या घरी ठेवून रेल्वेने मुंबई गाठायची आणि गणपतीला ती पुन्हा बाहेर काढायची, असं करणारे आता बरेच दिसतात. सगळ्यांकडे शेड नसते. गाडी खळ्यातच उभी राहते. दक्षिण कोकणात पाऊस साधारण ७ जूनच्या सुमारास पोचतो, म्हणून ही कामं मेच्या शेवटच्या आठवड्यात, कडक ऊन असतानाच उरकावीत. वरून पडणारं पाणी गाडीचं फारसं बिघडवत नाही. आत आणि खाली अडकून राहिलेली ओल मात्र गाडी खाते. पुढची सगळी खटपट त्या ओलीसाठी आहे.

आधी जागा बघा. माडाखाली गाडी नको, मग सावली कितीही छान असो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत माड-पोफळी कशा आडव्या झाल्या ते आठवा. फणसाखालीही नको. पागोळ्यांची धार टपावर पडेल अशी जागा टाळा. पावसाळी वारा समुद्राकडून येतो आणि सोबत खार आणतो, त्यामुळे घराच्या पूर्वेची बाजू बरी. खाली चिऱ्यांची फरसबंदी किंवा खडी असावी, गवत नको. वाशिष्ठीसारख्या नदीकाठी घर असेल तर गाडी सरळ उंचावरच्या नातेवाइकांकडे न्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणने काय भोगलं ते सांगायला नको.

आता धुणं. बॉडी चमकवण्यापेक्षा पोट धुणं महत्त्वाचं, आणि सुट्टीत गाडी पुळणीवर उतरवली असेल तर त्याला पर्यायच नाही. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलंत तर मीठ काढण्याऐवजी लावून ठेवाल. गोडं पाणी वापरा. खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घेत असाल तर पाणी निघायची भोकं त्यात बुजली नाहीत ना, हे वाकून बघा. दरवाजांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात, ती बारीक काडीने मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साठली असतील तर एकूण एक वेचून काढा, कारण तिथे तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांत थोडं पाणी ओतून ते गाडीखाली येतंय का बघा. मग रंगावर वॅक्स आणि दारांच्या रबरांना सिलिकॉन.

बुरशीसाठी सगळ्यात स्वस्त औषध ऊन. दारं उघडी टाकून गाडी दिवसभर वाळू द्या, मॅट काढून घरात ठेवा, बिस्किटांचा चुरा व्हॅक्यूमने ओढून घ्या. खायला मिळालं की उंदीर येतो, आणि उंदरामागून कोण येतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा, पण खोलगट ट्रेमध्ये. त्यांतलं पाणी सांडलं तर लोखंड खातं. डांबरगोळ्या केबिनमध्ये टाकू नका, तो वास दिवाळीपर्यंत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला तारेची जाळी लावा आणि आठवणीसाठी स्टिअरिंगला फडकं बांधा.

निळी ताडपत्री थेट गाडीवर टाकून दोरीने आवळणं ही आपल्याकडची आवडती पद्धत, आणि सगळ्यात वाईट. आतली वाफ बाहेर पडत नाही. शिवाय वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री सँडपेपरसारखी रंग घासते. तीच ताडपत्री बांबूंवर माटवासारखी उंच बांधा, बाजू उघड्या ठेवा. ते जमत नसेल तर हवा खेळेल असं, आतून मऊ, पोटाखालून पट्टे असलेलं कव्हर घ्या.

यांत्रिक कामं थोडी आहेत. इंजिन ऑइल जुनं असेल तर आधी बदला. टाकी भरून ठेवा, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते रिकाम्या जागेतल्या हवेची ओल ओढून घेतं. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा. हँडब्रेक ओढून ठेवाल तर ब्रेक गंजून चिकटतील. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. बॅटरी चार्ज करून १२.६ व्होल्ट दाखवतेय ना ते बघा, मग निगेटिव्ह टर्मिनल काढा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो आधी सोडवा. नंतर सेंट्रल लॉक चालणार नाही, म्हणून रिमोटमधली साधी किल्ली दाराला लागते का हेही आधीच तपासा.

एक किल्ली शेजारच्या काकांकडे असतेच. त्यांना “अधूनमधून पाच मिनिटं स्टार्ट करा” असं सांगू नका. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. उघाड मिळाल्यावर टर्मिनल जोडून अर्धा तास चालवून आणणार असतील तर उत्तम, नाहीतर हात लावू नये. ओलीचे डबे बदलून कव्हर सरळ केलं तरी पुष्कळ. निघण्याआधी विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा. विमा जुलैत संपणार असेल तर आत्ताच भरा.